न थकणारा पापुद्रा

“धर नीट. हात हलला तर तुझं बोटच चिकटवीन टोपीला, मग जा लोथारच्या डोक्यावर बसून,” आनेट म्हणाली. तिच्या हातात ग्लू-गन होती, दातांत दोन टाचण्या होत्या, आणि त्या टाचण्यांमधूनच ती बोलत होती.

टिलोनं टोपी दोन्ही हातांनी धरली. काळ्या पुठ्ठ्याची, वरून सपाट चौकोनी, बादलीएवढी टोपी. आमच्या संस्थेत जो कुणी डॉक्टर होतो त्याला तोंडी परीक्षा आटोपल्यावर अशी टोपी घालतात. ती सहकाऱ्यांनी बनवायची, चोरून बनवायची, आणि त्या माणसानं इतक्या वर्षांत केलेले सगळे गाढवपणे तिच्यावर चिकटवायचे. नियम एकच. टोपी घालणाऱ्यानं हसायचं.

“वर मधोमध रिकामं दिसतंय,” टिलो म्हणाला.

“तिथे मुकुटमणी बसायचाय. त्याच्या कपाटात भंगाराचा डबा आहे बघ. डबा आणू नकोस, जागचा हलला तर त्याला कळेल. मूठभर चकत्या तेवढ्या आण.”

“आणि त्यानं पाहिलं तर?”

“तो सभागृहात आईला पहिल्या रांगेत बसवतोय. जा ना आता, अकराला सुरू होतंय!”

टिलो गेला आणि मूठ भरून आला. सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकत्या, आरशासारख्या लखलखीत. आनेटनं त्यातली सर्वांत स्वच्छ निवडली, बाकीच्या माशाच्या खवल्यांसारख्या कडेनं लावून टाकल्या. मग तिनं हिऱ्याच्या टोकाची लेखणी घेतली. ही लेखणी आम्ही चकतीच्या पाठीवर खूण करायला वापरतो. आनेटनं ती चकतीच्या तोंडावर चालवली आणि मोठ्या अक्षरांत कोरलं, ‘डॉक्टर भंगार’.

“जरा जास्त होतंय, नाही का?” टिलो म्हणाला.

“माझ्या टोपीला त्यानं स्की लावली होती. एकच.” आनेटनं चकतीच्या पाठीला गोंदाचा गोळा लावला आणि ती टोपीच्या माथ्यावर दाबून बसवली. “तू नव्हतास तेव्हा.”

टिलो नव्हता, पण गोष्ट त्याला ठाऊक होती. ती ठाऊक नाही असा माणूस एल्बे नदीच्या या काठाला तरी नसेल. आनेटचा नवरा बर्फावर घसरायला म्हणून आठ दिवसांच्या सुट्टीवर गेला आणि त्यांच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईबरोबर तिकडेच राहिला. त्याच महिन्यात आनेट डॉक्टर झाली. लोथारनं तिच्या टोपीवर बोटाएवढी एक स्की लावली, आणि दुसरीच्या जागी नुसती दोन भोकं ठेवली. लोक इतके हसले की म्हणे खालच्या मजल्यावरच्या नाजूक तराजूचा काटा दिवसभर थाऱ्यावर आला नाही. आनेटही हसली. नियमच होता. त्याला आता नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं ती लोथार डॉक्टर होण्याची वाट बघत होती.

संस्थेतली प्रत्येक टोपी लोथार किर्स्टननं बनवलेली. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवणारा माणूस. पुठ्ठा, कात्री आणि दुसऱ्याचं वर्म ही तीन हत्यारं त्याच्या हातात अशी चालत की पोरं प्रबंधापेक्षा टोपीला घाबरत. एकानं म्हणे लोथारच्या टोपीच्या धास्तीनं डॉक्टरकीच सोडली आणि पाव भाजायचं दुकान टाकलं. दुकान उत्तम चालतं. या लोथारनं स्वतः मात्र डॉक्टर व्हायला अकरा वर्षं घेतली. बर्लिनची भिंत पडायच्या आधी तो एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता. भिंत पडली, कारखाना बंद झाला, आणि लोथार टेकडीवरच्या आमच्या संस्थेत येऊन पापुद्रे बनवायला लागला.

पापुद्रे म्हणजे खायचे नव्हेत. शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं पाणी करायचं, चकतीवर थेंब टाकायचा, चकती गरगर फिरवायची आणि भट्टीत सातशे अंशांवर भाजायची. जो थर उरतो तो इतका पातळ असतो की एका केसाच्या जाडीत तसे चारशे बसतील. या थराच्या पोटात बारीक बारीक बाण असतात असं समजा. विजेचा धक्का एका बाजूनं दिला की सगळे बाण वर तोंड करतात, उलट बाजूनं दिला की खाली. खरी गंमत पुढे आहे. वीज काढून घेतली तरी ते जिथे आहेत तिथेच राहतात. म्हणजे त्यांना आठवतं. अशा पापुद्र्यावर एखाद्या यंत्राची आठवण लिहून ठेवता येते, वीज गेली तरी ती पुसत नाही.

पण हे बाण थकतात. वर, खाली, वर, खाली असं काही कोटी वेळा झालं की त्यांचा जीव जातो. त्यावर उपाय म्हणून पापुद्र्याखालचं प्लॅटिनम काढून दुसराच थर घातला, तर थकवा जातो पण पापुद्रा फुटक्या माठासारखा गळायला लागतो, वीज सरळ आरपार जाते. एक तर थकणार, नाही तर गळणार. अर्ध्या जगानं यावर केस पांढरे केले. लोथार चिमूटभर हे घाल, चिमूटभर ते काढ, भट्टी दोन अंश चढव, एक उतरव, असं अकरा वर्षं करत राहिला. शेवटी एके दिवशी त्याच्या भट्टीतून एक चकती निघाली. ती थकली नाही आणि गळलीही नाही.

एकच. त्यानंतर त्यानं तेच पाणी, तीच भट्टी, तेच अंश, आणि असं म्हणतात की त्या दिवशीचे तेच मोजेसुद्धा वापरून पाहिले. सगळ्या गळक्या निघाल्या.

ही एक चकती लोथारनं भंगाराच्या डब्यात लपवून ठेवली. आमच्याकडे चांगला तुकडा कपाटात राहत नाही. कुणीतरी ‘जरा बघतो’ म्हणून नेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवा कापून परत करतो. टिलोनंच लोथारची एक बरी चकती अशी कापली होती. तेव्हापासून लोथारनं हिशेब केला की भंगाराला कोण हात लावणार? पत्र्याचा डबा, वर चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत ‘भंगार’, आत पाऊणशे मेलेल्या चकत्या आणि त्यांच्यात ही एक जिवंत. तिच्या पाठीवर त्यानं पेन्सिलीनं टिंब केलं होतं. टिंब एवढं लहान की ते फक्त त्यालाच दिसे. आदल्या दुपारी त्यानं ती काढली, यंत्राच्या सुयांखाली ठेवली, एकदा डोळे भरून मोजली आणि परत डब्यात टाकली.

आनेटनं या सगळ्यावर गोंद लावला होता. तिला काय माहीत?

*

अकरा वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत लोथारची आई लीझबेट मांडीवर केकचं ताट घेऊन बसली होती. तिनं पनीर-अंड्याचा तिपदरी केक पहाटे उठून केला होता आणि ताटावरचा रुमाल ती कुणालाही उचलू देत नव्हती. तिच्या शेजारी प्रोफेसर हास्पेल. मार्गदर्शकाला आमच्याकडे डॉक्टरबाप म्हणतात. हास्पेल लोथारपेक्षा चार वर्षांनी लहान होते, त्यामुळे हा बाप लेकाला नेहमी जरा दबकून असे.

आणि मधोमध बाहेरून आलेल्या परीक्षक, प्रोफेसर ओव्हरबेकबाई. पश्चिमेकडून, ऱ्हाइनच्या काठावरून आलेल्या. बारीक, ताठ, राखाडी केसांचा घट्ट अंबाडा. बाईंची ख्याती अशी की त्यांनी एखाद्या यंत्राकडे रोखून पाहिलं की यंत्र आपलं शून्य आपणच नीट करून घेतं. लोथारच्या प्रबंधावर त्यांनी लिहून पाठवलं होतं की पहिली तीन प्रकरणं बरी आहेत, चौथं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानता येत नाही. चौथं प्रकरण म्हणजे ती चकती.

हास्पेलनी तेव्हाच लोथारला सांगून पाहिलं होतं. “चौथं काढून टाक ना. तीन प्रकरणांवर मिळते डॉक्टरकी. डॉक्टरकी मिळाली की तुझी नोकरी कायम करायचं माझ्याकडे लागलं.”

“आणि चौथं?”

“चौथं कुठे पळून जातंय?”

“अकरा वर्षं मी पहिल्या तीन प्रकरणांसाठी घालवली असं वाटतं तुम्हाला?” लोथार म्हणाला, आणि त्यानं बाईंना स्वतःच कळवून टाकलं. या, बसा, परीक्षेच्या दिवशी तुमच्यासमोर मोजून दाखवतो.

तर त्या दिवशी लोथार तासभर बोलला आणि चांगला बोलला. त्याचे विनोद चांगले उतरले, बाईंच्याही ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. शेवटी सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलं ठोकली. आमच्याकडे टाळ्या नसतात, टेबलं ठोकतात. आईला वाटलं दारावर कुणी आलं, ती मागे वळून पाहायला लागली.

“आता चौथं प्रकरण,” ओव्हरबेकबाई म्हणाल्या.

सगळे शेजारच्या मोजणीच्या खोलीत गेले. मावतील तेवढे आत, बाकीचे दारात. आनेट आणि टिलो भिंतीला टेकून उभे राहिले. यंत्र तापून तयार होतं, पडदा हिरवा, सुया वर उचललेल्या. लोथारनं खिशातून डबा काढला.

बाईंनी चिकटपट्टी वाचली. “भंगार?”

“सुरक्षिततेसाठी, मॅडम,” लोथार हसून म्हणाला. “इथले लोक हिऱ्याला हात लावतात, कोळशाला नाही.”

लोक हसले. आनेट हसली नाही. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. टिलोनं तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि त्याच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तो त्यानं खोकल्यात घातला.

लोथारनं डबा मऊ कापडावर उपडा केला आणि चिमट्यानं चकत्या उलटायला सुरुवात केली. एक. दुसरी. पाठ बघायची आणि बाजूला. त्याला घाई नव्हती, त्याला मजा येत होती. अर्ध्या चकत्या झाल्यावर तो थोडा जोरात उलटायला लागला. सगळ्या झाल्यावर त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. मग परत पहिल्यापासून.

खोलीत फक्त चिमट्याची टिकटिक.

“ती इथे होती,” लोथार म्हणाला. “काल दुपारी. मी मोजली.”

“काल,” बाई म्हणाल्या.

“प्रोफेसरबाई, मी शप्पथ सांगतो.”

“किर्स्टन महाशय, शपथेची रेघ पडद्यावर उमटत नाही.” बाईंनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. “या चकतीबद्दल इथे कुणाला काही सांगायचं आहे का?”

आनेट भिंतीपासून सुटली. तिचं तोंड उघडलं. एक पाऊल पुढे पडलंही. समोर लोथार होता, हातात चिमटा, कपाळावर घाम, आणि तो तिच्याकडेच बघत होता. पण तो काही तिला विचारत नव्हता, त्याची नजर नुसती तिच्यावर पडली होती. तिला तिचं टोपीवरचं अक्षर आठवलं. तो मोठा, वळणदार ‘भं’. मग ती परत भिंतीला टेकली.

“कुणालाच नाही,” बाई म्हणाल्या. “ठीक.”

*

परीक्षक निकालासाठी आत बसले. आनेटनं हास्पेलना बाहेरच, कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ती यंत्राचं बटण दाबत राहिली, त्यामुळे कॉफी पेल्याबाहेर वाहत गेली.

हास्पेलनी डोळे मिटून ऐकलं. “टोपीवर?”

“माथ्यावर. आत्ता जाऊन काढून आणते. पाठीला गोंद आहे, तोंडावर जरा... ओरखडे आहेत.”

“कसले ओरखडे?”

“अक्षरं आहेत.”

“काय लिहिलंयस?”

आनेटनं सांगितलं.

हास्पेलनी निकालाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “आणि हे मी त्या बाईंसमोर नेऊन ठेवू? की अकरा वर्षांचं काम आमच्या लोकांनी पुठ्ठ्याला चिकटवलं आणि वर शिवी कोरली? उद्या ऱ्हाइनपासून ओडरपर्यंत, देशभर, लोक पोट धरून हसतील. पुढच्या वर्षी आपल्या अनुदानाची पाहणी आहे, माहितीय ना?”

“पण त्याचं चौथं...”

“चौथं जाईल. तीन राहतील. त्याला डॉक्टरकी मिळेल, नोकरी मिळेल. तुझी राहील, माझी राहील. आता त्याला खोटारडा म्हणतायत का कुणी? फार तर निष्काळजी म्हणतील.”

“खोटारडाच म्हणतायत,” आनेट म्हणाली. “तुम्ही त्यांचा चेहरा बघितला नाहीत.”

“मी बघितला. म्हणूनच सांगतोय, गप्प बस.” त्यांनी वाहत्या कॉफीखालून तिचा हात काढला. “भाजेल ना.”

तासाभरानं निकाल लागला. पहिली तीन प्रकरणं मान्य. चौथं वगळून प्रबंध छापावा. शेरा ‘पुरेसे’. आमच्याकडे याच्याखाली नापासच असतो. ओव्हरबेकबाईंनी लोथारचा हात हातात घेऊन एकदाच खाली-वर केला आणि म्हणाल्या, “यापुढे जे दिसलं नाही ते लिहू नका, डॉक्टर किर्स्टन.” त्यांची गाडी तीनची होती. केक खायलाही त्या थांबल्या नाहीत. आईनं त्यांच्यासाठी कोपऱ्यातला मोठा तुकडा वेगळा ठेवला होता. तो टिलोनं खाल्ला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

*

मग अंगण. जूनचं ऊन, घासलेले ग्लास, फसफसणारी वाइन. चकती कुठे गेली हे सहकाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी लोथार अखेर डॉक्टर झाला होता आणि आज त्याची गाठ त्याच्याच हत्याराशी होती. “टोपी! टोपी!” असा गजर चालला. हमालीची हातगाडी फुगे लावून तयार होती. टोपी घातलेल्या डॉक्टरला तीत बसवून अंगणाला फेरी मारायची.

आनेटनं टोपी आणली. मधल्या वेळात ती चकती उपटायला गेली होती, पण पातं घालताच चकती तडकेल असं वाटलं आणि तिनं ते सोडून दिलं. शेवटी तिनं माथ्यावर कागदाचं एक मोठं लाल फूल लावलं. चकती पूर्ण झाकली जाईल एवढं.

लोथारनं टोपी घेतली. दुसरा कुणी असता तर सरळ डोक्यावर घालून मोकळा झाला असता. पण हा टोप्यांचा कारागीर. त्यानं ती हातावर फिरवली. शिवण पाहिली, कडा पाहिल्या. पुठ्ठ्यावर त्याच्या जुन्या कारखान्याचं कुलूप होतं, पाव भाजणाऱ्या पोराचा फोटो होता, अकरा मेणबत्त्या होत्या. “छान,” तो पुटपुटला. “हे छान आहे.” मग त्याचा अंगठा फुलावर आला. फूल टोपीच्या मानानं बेढब होतं, आणि लोथारला बेढब गोष्ट दिसली की राहवत नसे. त्यानं पाकळी उचलली.

गजर चालू होता. आनेट त्याच्यापासून एका हातावर होती. तिला दिसलं की त्याचे ओठ अक्षरं वाचताना हलले. मग त्यानं चष्मा लावला आणि चकतीची कड बोटाच्या नखानं चाचपली. त्याला पाठीवरचं टिंब बघायची गरज नव्हती. स्वतःच्या भट्टीतला रंग त्याला कळत होता. तो पापुद्रा उन्हात जरा हिरवट, जरा जांभळा झळके, बदकाच्या मानेसारखा.

“लोथार,” आनेट म्हणाली.

लोथारनं पाकळी खाली केली. अंगठ्यानं दाबून नीट बसवली. टोपी डोक्यावर घातली आणि हातगाडीकडे चालू लागला.

“अरे हस की!” कुणीतरी ओरडलं. “नियम काय आहे?”

लोथार हसला. चांगला मोठ्यानं हसला, पोट हलेपर्यंत. त्याला गाडीत बसवून पोरांनी अंगणभर पळवलं, कोपऱ्यावर गाडी एका चाकावर गेली, लोकांनी किंकाळ्या मारल्या. आई पायरीवर उभी राहून दोन्ही हात हलवत होती.

“टोपी वाकडी झालीय रे, सरळ कर!” ती ओरडली. “फोटो काढतायत!”

त्यानं सरळ केली.

*

सोमवारी सकाळी आनेट मोजणीच्या खोलीच्या दारात आली तेव्हा लोथार यंत्रापाशी बसला होता. शेजारी टोपी होती. माथ्याचा चौकोन कात्रीनं कापून काढलेला. चकतीच्या पाठीला पुठ्ठ्याचे धागे आणि वाळलेला गोंद तसाच होता.

“आत येऊ?” तिनं विचारलं.

“दार उघडंच आहे.”

ती आत आली पण बसली नाही. “हास्पेल म्हणाले सांगू नकोस. मी त्यांना सांगितलं होतं लगेच. म्हणजे, निकालाच्या आधी.”

“माहितीय. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, त्यांनी मला बोलावून सांगितलं. मनावर घेऊ नकोस म्हणाले. नोकरीचा कागद तयार आहे, सही करून जा म्हणाले.”

“केलीस?”

“केली.” त्यानं भिंगातून पाहत एक सुई खाली आणली. “गोंद किती गरम असतो गं तुझ्या त्या बंदुकीचा?”

“दोनशे अंश असेल.”

“हा सातशेवर भाजलाय. दोनशे म्हणजे त्याला गुदगुल्या.” दुसरी सुई. “अक्षरं तू दाबून काढलीस. ‘डॉक्टर’खाली सगळं मेलं. पण ‘भं’ आणि ‘गा’ यांच्यामध्ये जागा सोडलीस ना, तिथे एक टिकली राहिली. धातूच्या टिकल्या असतात ना वर, मोजायच्या. त्यातली एक. शाबूत.”

त्यानं बटण दाबलं. हिरव्या पडद्यावर रेघ उठली, वर गेली, वळली, खाली आली आणि जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. चांगल्या पापुद्र्याची रेघ कलत्या चौकोनासारखी दिसते. गळक्याची फुगते, अंड्यासारखी. हा चौकोन होता. कडा इतक्या सरळ की जणू कुणी पट्टीनं आखल्या असाव्यात.

आनेटनं खुर्चीची पाठ धरली. “म्हणजे तेव्हा... त्या वेळी आणली असती तर...”

“पाच मिनिटांचं काम. भिंग, दोन सुया.” तो पडद्याकडेच बघत होता. “बाई कडू आहेत, पण आंधळ्या नाहीत. आधी हसल्या असत्या. मग मोजलं असतं.”

“अजून पाठव ना त्यांना. मी लिहून देते. सही करून देते, काय घडलं ते सगळं.”

“काय लिहशील? प्रबंध छापायला गेलाय, चौथं काढून. चौथं नाही, यावरही मी सही केलीय. आणि बाई काय म्हणतील? परीक्षेच्या दिवशी चकती नव्हती, आज गोंद लागलेला, खरवडलेला एक तुकडा आला, आणि त्याच्यावरच्या शेकडो टिकल्यांपैकी एकच चालते. कुणाची आहे, कुठून आणली?” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. “मी त्यांच्या जागी असतो तर फेकून दिली असती.”

आनेटच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं बाहीनं पुसलं आणि तिला राग आला. “स्की कुणी लावली होती?” ती म्हणाली. “नऊ वर्षं मी त्या दोन भोकांकडे बघतेय. टोपी अजून माझ्या कपाटावर आहे. तू विचारलंस कधी?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही.” तो खरंच विचार करत होता. “ती टोपी चांगली होती. ही पण चांगली आहे. फक्त तू उभी राहायला हवी होतीस.”

“मी राहिले होते उभी.”

“अर्धी,” लोथार म्हणाला.

आनेटनं टोपी उचलली, माथ्याच्या भोकातून आत पाहिलं, परत ठेवली, आणि गेली.

लोथारनं यंत्र पलट्यांवर लावलं. वर, खाली, वर, खाली, सेकंदाला दहा लाख. दुपारपर्यंत हजार कोटी पलट्या झाल्या. यंत्र मधूनमधून थांबून रेघ काढत होतं आणि रेघ जशीच्या तशी येत होती. जेवणाच्या वेळी बाहेरून कुणीतरी हाक मारली, “येतोस का, डॉक्टरसाहेब? आज बटाट्याचं सूप आहे!” तो गेला, सूप प्यायला, एकाच्या टायवरून कोटी केली, ती जमली. परत आला. चौकोन तसाच होता.

साडेचारला टिलो दारात घुटमळला. त्याचेही नमुने मोजायचे होते, यंत्र एकच, आणि त्याच्या नावाची वेळ सुरू झाली होती. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि त्याला लगेच समजलं. तोही याच धंद्यातला.

“हे चालू राहू दे?” तो हळूच म्हणाला. “मी उद्या करीन माझं. थकेपर्यंत बघू की आपण.”

लोथार कोट घालत होता. एक बाही सापडत नव्हती, टिलोनं ती धरून दिली.

“थकायची वाट बघत बसलास तर तू म्हातारा होशील,” लोथार म्हणाला. “सुया उचल. तुझी वेळ आहे.”